पावसात घेतलेला चषक

उज्जैनजवळच्या भैरवगढला कापडावर ठसे उमटविणारे कारागीर आहेत. ठसा कसा धरावा हे त्यांना पुस्तकाने शिकविलेले नाही. वडिलांचा हात पाहून मुलाचा हात तयार होतो. ते पाहिले की मला एका गोल्फपटूची आठवण होते. त्याला तर शिकविणारे कोणीच नव्हते.

१८६० पासून इंग्रजांनी हिंदी मजूर करारावर दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये उसाच्या मळ्यांवर नेले. त्या मजुरांच्या वंशात डर्बनला सेवसंकर सेवगोलम जन्मला. लोक त्याला ‘पापवा’ म्हणत. बीचवूडच्या मैदानावर गोऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणे हे त्याचे काम. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. खेळ तो नुसता पाहून शिकला आणि काठी उलटी धरू लागला. उजव्या हाताने खेळणारे उजवा हात खाली ठेवतात. पापवा डावा ठेवी. चेंडू मात्र नेमका जाई.

ग्रॅहॅम वुल्फ या उद्योजकाच्या साहाय्याने तो युरोपात गेला आणि १९५९ साली डच ओपन स्पर्धा जिंकून आला. १९६० व १९६४ मध्येही ती त्यानेच जिंकली.

परंतु त्याची खरी कसोटी घरीच होती. १९६३ साली डर्बनच्या नाताळ ओपन स्पर्धेत शंभरावर गोऱ्या खेळाडूंना मागे टाकून तो पहिला आला. वर्णभेदामुळे क्लबच्या इमारतीत त्याला प्रवेश नव्हता. पाऊस पडत होता. इतर मंडळी आत राहिली आणि विजेत्याने आपला चषक बाहेर पावसात स्वीकारला. ते छायाचित्र जगभर गेले व वर्णभेदी क्रीडासंस्थांवरील बहिष्काराच्या चळवळीला त्याने बळ दिले.

१९६५ साली जगद्विख्यात गॅरी प्लेअरला हरवून पापवाने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. मैदानात तो हरेना, तेव्हा सरकारने मैदानच बंद केले: मोठ्या स्पर्धांना मज्जाव झाला, पारपत्रही गेले. १९७८ साली तो दारिद्र्यात वारला. पुढे डर्बनच्या एका गोल्फ मैदानाला त्याचे नाव देण्यात आले.

मी शिक्षक आहे. असा मुलगा माझ्या वर्गात आला असता, तर मी पहिल्याच दिवशी त्याचे हात सरळ केले असते, आणि त्यात त्याचे हितच पाहिले असते. म्हणून हल्ली एखादा विद्यार्थी लेखणी वेगळी धरतो, तेव्हा मी आधी त्याचे अक्षर पाहतो.