गोलघुमटाचा रेटा

विजापूरची सहल करून आलेल्या मुलाला गोलघुमटाविषयी विचारा, ते आवाजाविषयी सांगेल. एक हाक मारली की ती कितीदा तरी परत येते! वाटाड्याही तेवढेच दाखवतो आणि ‘जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट’ असे सांगून मोकळा होतो. हा क्रमांक काही खरा नाही. रोमचा पँथिऑन, फ्लॉरेन्सचे कॅथेड्रल आणि रोममधलेच सेंट पीटर, हे तिन्ही घुमट विजापूरच्या आधीचे आणि त्याहून रुंद आहेत. आपल्या समाजाला अभिमान वाटण्यासाठी क्रमांकच का लागतो, हे आम्हाला कळत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. एवढे ओझे साडेतीनशे वर्षांत खाली का आले नाही?

मुहम्मद आदिलशहाने (कारकीर्द १६२७ ते १६५६) स्वतःसाठी बांधवून घेतलेला हा मकबरा. आत एकच चौरस दालन, एकेक बाजू सुमारे १३५ फुटांची, आणि मध्ये एकही खांब नाही. वरचा घुमट आतून सुमारे १२४ फूट व्यासाचा, तळाशी दहा फूट जाड. घुमटाचे ओझे नुसते खाली दाबत नाही, तळाशी ते बाहेर रेटते. पत्त्यांचे दोन पाने एकमेकांना टेकवून उभी करा आणि वरून बोटाने दाबा. त्यांचे पाय बाहेर सरकतात. सेंट पीटरच्या घुमटाला याच रेट्याने भेगा पडल्या आणि १७४० च्या दशकात जोव्हानी पोलेनीच्या सल्ल्याने त्याला जादा लोखंडी कडी आवळावी लागली.

विजापूरच्या उस्तादांनी या रेट्याला आतून उत्तर दिले. भिंतींतून आठ टोकदार कमानी उठतात. एका चौकोनावर दुसरा तिरका ठेवावा, तशा त्या एकमेकींना छेदतात आणि वर जाता जाता दालनाच्या आत येतात. त्यांच्या छेदांवर एक गोल बैठक तयार होते. या बैठकीची मधली पोकळी सुमारे ९७ फुटांचीच आहे, घुमटापेक्षा पुष्कळ लहान. म्हणजे घुमट बैठकीच्या आतल्या काठावर बसलेला नाही, मागे सरकून बसला आहे. पुढे आलेले सारे बांधकाम दालनाच्या पोकळीवर तोललेले आहे. घुमट बाहेर रेटतो, हे वजन आत ओढते. जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या ग्रंथात याचेच कौतुक केले. ज्या सज्जात उभी राहून मुले हाका मारतात, तो सज्जा म्हणजे याच पुढे आलेल्या बैठकीचा माथा! पायाखाली काय चालले आहे, ते त्यांना कोणी सांगत नाही.

हेन्री कझिन्सने विजापूरच्या इमारतींवर १९१६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे लक्ष चुन्याकडे गेले. विटांचे आडवे थर चुन्यात असे बसवले आहेत, की चुना मुरल्यावर सगळा घुमट उपड्या वाटीसारखा एकजीव झाला. एकजीव वाटी फाकत नाही, म्हणून तिचा रेटाही थोडा. मग खरे कोणाचे? आमच्या मते दोघांचेही. एवढा जाड चुना मुरायला वर्षे लागतात, आणि तोवर ओझे सांभाळायचे काम कमानींनाच करावे लागले असणार.

ही युक्ती एका रात्रीत सुचलेली नाही. विजापूरच्याच जामा मशिदीच्या घुमटाखाली छेदणाऱ्या कमानी आधीच होत्या, मापाने लहान. त्याही आधी खुरासानात, खरगिर्दच्या मदरशात (१४४४), ही पद्धत दिसते.

आमच्या उर्दू शाळेत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात, आणि दुर्दैवाने शिकवल्या जातात त्याही तारखाच. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील गवंडीकाम करतात, सेंट्रिंग ठोकतात. सुलतानांची सनावळी सुरू झाली की ही मुले पेंगतात. ‘एवढ्या उंचीवर सेंट्रिंग कसे लावले असेल?’ असे विचारले की सगळा वर्ग जागा होतो, आणि मागच्या बाकावरची मुले पुढच्यांच्या आधी बोलू लागतात. उत्तर त्यांच्या घरातलेच आहे. घुमट आडव्या थरांनी चढतो. थराचे एक कडे पूर्ण झाले की ते स्वतःला धरून ठेवते, म्हणून जमिनीपासून लाकडाचे रान उभारावे लागत नाही. विहिरीचे कडे बांधणाऱ्या बापाच्या मुलाला हे दोन मिनिटांत कळते. ज्या पोराला आपण ‘अभ्यासात कच्चे’ म्हणतो, त्याच्या बापाचा हुनर हाही आपल्या तवारीखेचा भाग आहे, हे त्याला शाळेत कधी ऐकायला मिळणार?

बांधणारा म्हणून याकूत दाबुलीचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळच्या याकूतचे नाव सांगितले जाते. दक्षिणेच्या दरवाज्यावर फारसी लेख आहे. त्याच्या अक्षरांचे आकडे मांडले की हिजरी १०६७ हे साल निघते. ते सुलतानाच्या मृत्यूचे आहे.