दुकान ते विधानसभा

महाड म्हटलं की रायगड आणि 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. पण महाड ही जुनी व्यापारपेठही आहे, सावित्रीच्या काठची. आणि इथल्या व्यवहारात बायका कधीच मागे नव्हत्या. पोलादपूरच्या गावागावांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, बायका गावी. मनीऑर्डर येईपर्यंत शेती, गुरं, वाण्याची उधारी आणि बाजारहाट त्यांनीच बघायचं. 1982 च्या गिरणी संपानंतर कित्येक घरांत तर तेवढाही आधार राहिला नाही.

मग अशा मुलखातून एखादी दुकान चालवणारी, धंदा सांभाळणारी बाई आमदार का झाली नसावी?

1990 पासून महाडला आमदार मिळाले ते तीनच: प्रभाकर मोरे, माणिक जगताप आणि 2009 पासून भरत गोगावले. तिघेही पुरुष. सगळ्यात जवळ पोचल्या त्या स्नेहल जगताप. 2016 च्या निवडणुकीत त्या महाडच्या नगराध्यक्षा झाल्या. 2021 चा जुलै महाडला फार जड गेला. शहर पुरात बुडालं, तळिये गावावर दरड कोसळली आणि त्याच आठवड्यात त्यांचे वडील माणिकराव गेले. पुढे 2024 ला त्या विधानसभेला उभ्या राहिल्या आणि गोगावल्यांकडून हरल्या.

रायगड जिल्ह्यात बायका आमदार झाल्याच नाहीत असं मात्र नाही. शेकापच्या मीनाक्षी पाटील अलिबागमधून 1995, 1999 आणि 2009 ला निवडून आल्या, राज्यमंत्रीही झाल्या. आदिती तटकरे 2017 ला जिल्हा परिषदेच्या अध्यक्षा, 2019 ला श्रीवर्धनच्या आमदार आणि पुढे मंत्री.

या तिघींच्या कामाबद्दल मला काही उणं बोलायचं नाही. पण तिघींच्याही घरात राजकारण आधीपासून होतं. पक्ष, कार्यकर्ते, ओळखी हे भांडवल घरचंच. पेठेत दुकान चालवणाऱ्या बाईकडे हिशेब असतो, माणसांची पारख असते, उधारी वसूल करण्याची चिकाटी असते. तिकीट वाटताना हे कोण मोजतं?

कायद्याने अर्धी वाट करून दिली आहे. स्थानिक संस्थांमध्ये 1993 पासून महिलांना एकतृतीयांश आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. त्यामुळे सरपंच, सभापती, नगराध्यक्षा झालेल्या बायका आज गावोगाव दिसतात. विधानसभेसाठीचा कायदा 2023 ला झाला खरा, पण 2024 च्या निवडणुकीला तो लागू नव्हता. तेव्हा 288 आमदारांत बायका आल्या 21. त्याआधी, 2019 ला, 24 होत्या!

असो. जागा राखीव झाल्या तरी त्या कुणाच्या घरात जातील, हा प्रश्न उरतोच. ज्या बाईने मनीऑर्डरीवर अख्खं घर तारलं, तिच्या नातीला कुणाची मुलगी वा सून न होता तिकीट मिळालं, तर महाडचा इतिहास आणखी एक पाऊल पुढे गेला म्हणेन मी.