ऑप्री मिल्स : बागेच्या जागी उभा राहिलेला मॉल

अमेरिकेतील नॅशव्हिल शहराच्या पूर्व उपनगरात, कंबरलँड नदीच्या वळणावर १९७२ मध्ये ऑप्रीलँड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. झुले आणि जोडीला गावरान संगीताचे खुले कार्यक्रम, असा त्याचा थाट होता. हिवाळ्यात मात्र झुले थांबत. बारमाही उत्पन्नाच्या ओढीने मालकांनी १९९७ अखेर उद्यान बंद केले. शहराचे हे मोठेच नुकसान होते.

मे २००० मध्ये तिथे ‘ऑप्री मिल्स’ हा मॉल उघडला. तो उभारणाऱ्या ‘मिल्स’ कंपनीची पद्धत ठरलेली होती : कंपन्यांचा शिल्लक माल सवलतीत विकणारी दुकाने, चित्रपटगृहे आणि खाणावळी एकाच छपराखाली. एका खाणावळीत तर मोठ्या मत्स्यालयाभोवतीच जेवणाची टेबले मांडलेली असत. २००७ मध्ये मिल्स कंपनी सायमन या मॉलमालक समूहाकडे गेली.

मे २०१० च्या महापुरात नदी मॉलमध्ये शिरली. शेजारच्या ग्रँड ओल ऑप्री या गावरान संगीताच्या नाट्यगृहातील रंगमंचही बुडाला. त्यावर गायक जिथे उभे राहतात ते ओक लाकडाचे जुने वर्तुळ दुरुस्त करून पुन्हा बसवण्यात आले. नाट्यगृह त्याच वर्षी सुरू झाले. मॉलची दारे उघडायला मात्र मार्च २०१२ उजाडला.