सामूहिक प्रोत्साहन योजना (महाराष्ट्र)

मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले कारखाने मागास भागांकडे वळावेत, यासाठी महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये सुरू केलेली करसवलतींची योजना. तालुक्यांची विकासानुसार वर्गवारी करतात. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी. विक्रीकराची माफी किंवा लांबणीवर भरणा हा दीर्घकाळ तिचा कणा होता. लांबणीवरच्या भरण्यात ग्राहकाकडून वसूल झालेला कर कंपनी काही वर्षे बिनव्याजी वापरी. म्हणजे सरकारच तिला भांडवल पुरवत असे. राज्याराज्यांतील सवलतींची चढाओढ तिजोऱ्या पोखरू लागल्याने २००० पासून विक्रीकराच्या नव्या सवलती थांबवण्याचे राज्यांनी ठरवले. पुढे करपरतावा अनुदानरूपाने आला आणि २०१७ नंतर तो राज्य वस्तू व सेवा कराशी जोडला गेला. मुद्रांक व वीज शुल्कातही सूट मिळते. स्थानिकांना ८० टक्के रोजगार देण्याची अट आहे, पण अनुदानाचे मोजमाप मुख्यतः गुंतवणुकीवर होते, ही योजनेची खरी उणीव. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला उद्योग बहरले, तरी विदर्भ-मराठवाड्यातील अनेक तालुके कारखान्यांविनाच राहिले. पाणी, रस्ते आणि कुशल मनुष्यबळ यांची उणीव करसवलतीने भरून निघत नाही.