मातीचा निकाल आणि गादीचे गुण

मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते आणि महाशिवरात्रीस लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वराची. या दोन्ही यात्रांत देवदर्शनाइतकाच लोकांचा जीव जडलेला असतो तो कुस्त्यांच्या दंगलीवर. कोल्हापुरास राजर्षी शाहूंचा आश्रय लाभला, 1912 साली तेथे खासबागेचे भव्य मैदान उभे राहिले. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या आमच्या मुलखातील खेड्यापाड्यांस मात्र तसला राजाश्रय ठाऊक नव्हता. येथील तालीम वाढली ती गावच्या वर्गणीवर, पाटील-देशमुखांच्या इनामावर आणि वस्तादाच्या एकनिष्ठेवर. आणि तिचा कायदा कोणत्याही दप्तरात लिहिलेला नसून मैदानाभोवती दाटून बसलेल्या हजारो जाणकारांच्या स्मरणात होता.

हा कायदा अत्यंत अल्पाक्षरी होता. पंचांनी नजरेनेच अंगलट पाहून जोड लावावी, हलगी वाजावी, मल्लांनी शड्डू ठोकून सलामी घ्यावी आणि ज्याची पाठ मातीला लागेल तो चितपट ठरावा. घड्याळ नाही, वजनकाटा नाही, गुणांची वही नाही. नारळाच्या आणि रेवड्यांच्या पोरवयीन कुस्त्यांपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत हाच एक दंडक चाले. त्याचे थोरपण असे की, निकाल कोणास समजावून सांगावा लागत नसे. दूर झाडावर चढून बसलेला गुराखीही तो पंचाइतक्याच अधिकाराने देऊ शके.

परंतु याच कायद्याच्या पोटात एक मोठा दोष दडलेला होता. वेळेचे बंधन नसल्यामुळे, ज्यास जिंकण्याची आशा नाही अशा मल्लाने हात-पाय आवळून पोटावर पडून राहिले, तर त्यास उलटा करण्यात समोरच्याची सारी शक्ती खर्ची पडे, किंवा दोघेही अर्धा-पाऊण तास नुसती खडाखडी करीत राहात आणि शेवटी कंटाळलेले पंच कुस्ती बरोबरीत सोडवीत. या दोषाचे जगप्रसिद्ध उदाहरण 1910 च्या सप्टेंबरात लंडनला घडले. गामा पहिलवानापुढे पोलंडचा झ्बिस्को सुमारे अडीच तास बहुतांश पोटावरच पडून राहिला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. पुढच्या कुस्तीस तो आलाच नाही. पुढे 1928 साली पतियाळाच्या मातीत त्याच झ्बिस्कोला गामाने एक मिनिटाच्या आत चीत केले, तेव्हा लंडनचे ते अडीच तास कोणाच्या पराक्रमाचे नव्हते, केवळ नियमाच्या उणिवेचे होते, हे सर्वांच्या ध्यानी आले. म्हणून आज यात्रेच्या मैदानात कुस्ती ठरल्या मुदतीपलीकडे लांबली की पंच ती गुणांवर लावतात, तेव्हा जुन्या मंडळींनी हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. ती मुदत मल्लाला लढावयास लावते. निकाल अखेर त्याच्याच हातून घडतो.

सर्व सुधारणांत मला श्रेष्ठ वाटते ती वजनगटांची. नजरेने लावलेल्या जोडीत हलक्या अंगाच्या मल्लास नाव मिळे, परंतु मानाची अखेरची कुस्ती बहुधा धिप्पाड देहाचीच राही. दुष्काळी मुलखात दूध, तूप, बदाम यांचा खुराक पुरविताना शेतकऱ्याचे घर रिकामे होते आणि तरीही कित्येक पोरांचा देह आडवा भरत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस वजनगटाचे मोल सांगावयास नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीस ऑलिंपिक कांस्यपदकाचे धनी झाले ते 57 किलोच्या गटात. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण मिळविले तेही 57 किलोच्याच गटात. वजनकाटा नसता तर या दोघांची कीर्ती यात्रेच्या सीमेबाहेर कितपत गेली असती?

राहुलचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार, म्हणजे साऱ्या कुस्तीविश्वाचे मामा, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. त्यांचा जन्म 1950 चा. निलंगा तेव्हा हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात मोडत होता. तेथील मातीत घडलेल्या या मल्लाने 1969 साली महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आणि लगेच पुढल्या वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गादीवरचे सुवर्णपदक आणले. माती आणि गादी ही दोन वैरी राज्ये आहेत असे ज्यांचे म्हणणे, त्यांनी या दोन वर्षांकडे पाहावे. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मामांनी शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. लातूर जिल्ह्याचेच काका पवार त्यांतलेच.

तथापि गादीच्या कायद्यानेही खेळ नासविल्याचा काळ फार जुना नाही. 2005 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय महासंघाने कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्यांत विभागली. फेरी शून्यावर सुटली की पिशवीतून रंगीत चेंडू काढावयाचा आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्यास प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून आरंभ करू द्यावयाचा, असा तो प्रकार. ज्याच्या हाती पाय आला त्याने फेरी जवळजवळ जिंकलीच. म्हणजे वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा निवाडा चेंडूच्या रंगावर! पुन्हा, एका फेरीत मिळविलेले भरघोस गुण दुसऱ्या फेरीत व्यर्थ जात, त्यामुळे एका गुणाची आघाडी घेऊन टाळाटाळ करणे हाच शहाणपणा ठरला. धोबीपछाड, ढाक, कलाजंग यांसारखे जोखमीचे डाव कोण टाकील?

फेब्रुवारी 2013 मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने 2020 च्या स्पर्धांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा महासंघाचे डोळे उघडले. अध्यक्ष पायउतार झाले; चेंडूची सोडत गेली, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांतील गुण एकत्र मोजले जाऊ लागले आणि निष्क्रिय मल्लावर दंड बसला. सप्टेंबरात ब्यूनोस आयर्सच्या सभेने कुस्तीस पुन्हा स्थान दिले. आज भारंदाजाने प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ फिरविणारा मल्ल दहा गुणांची आघाडी घेऊन मिनिटभरात कुस्ती संपवितो, आणि त्या वेगात जुन्या मातीचा आवेश मला पुन्हा दिसतो.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून दोन्हींच्या विजेत्यांची अखेरची कुस्ती लावण्याची प्रथा मला म्हणूनच योग्य वाटते. खटकते ते एकच. ही मानाची गदा फक्त 86 ते 125 किलोच्या गटासाठी राखलेली आहे. 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोच्या गटात कांस्य जिंकणाऱ्या राहुल आवारेला त्या गटात पाऊल टाकण्याची सोय नाही. कुस्तीगीर परिषदेने हलक्या गटांच्या विजेत्यांसही तोलामोलाचा किताब आणि इनाम द्यावे, आणि माळेगाव-लातूरच्या यात्रा समित्यांनी मानाच्या कुस्तीशेजारी 57 आणि 61 किलोच्या जोड्यांना तितक्याच मोलाची बिदागी बांधावी.