नवोदित वैमानिकाचे वेतन (अमेरिकेतील प्रादेशिक विमानकंपन्या)

प्रादेशिक विमानकंपनीत नव्याने रुजू झालेल्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, मिळणारा मोबदला. तो महिन्याच्या ठोक पगारावर नव्हे, उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो. अमेरिकेत ७६ आसनांपर्यंतची छोटी जेट विमाने बहुतांशी या कंपन्या चालवतात. विमानावर नाव ‘अमेरिकन ईगल’, ‘डेल्टा कनेक्शन’ किंवा ‘युनायटेड एक्स्प्रेस’ असते, तिकीटही मोठी कंपनीच विकते. वैमानिक मात्र एन्व्हॉय, एंडेव्हर, स्कायवेस्ट अशा वेगळ्याच कंपनीच्या पटावर असतो. उड्डाणांचे कंत्राट देताना मोठी कंपनी कमी खर्चाकडे बघते आणि इंधनाचा भार सहसा स्वतः उचलते. मग प्रादेशिक कंपनीला काटकसर करायला उरतो तो मुख्यतः माणसांवरचा खर्च. नवख्यांचा दर वर्षानुवर्षे खाली राहिला, त्याचे मूळ इथे आहे.

मोजणीचे एकक ‘ब्लॉक टाइम’. विमान गेटपासून सुटले की तास सुरू आणि पुढच्या गेटला लागले की बंद. धावपट्टीसाठी रांगेत थांबावे लागले तर तो वेळ धरतात. मात्र पहाटेच्या थंडीत टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारणे, टायर आणि इंजिनाची पाती न्याहाळणे, हवामानाचे कागद वाचणे, प्रवासी चढेपर्यंत थांबणे हे धरत नाहीत. उदाहरणार्थ, पहाटे ५ ला हजेरी, दिवसभरात चार छोटी उड्डाणे आणि दुपारी ४ ला सुटका, म्हणजे कामाचे ११ तास. त्यात विमान हलते होते ५ तास १० मिनिटे, आणि दर लागतो तो तेवढ्यालाच. ही तफावत भरून काढण्यासाठी संघटनांनी करारांत ‘रिग’ नावाची तरतूद आणली. दर दोन तास कामामागे किमान एक तासाचा पैसा, असा रिग असेल तर वरच्या दिवसाचे साडेपाच तास धरले जातात. याशिवाय नेमणुकीच्या तळापासून दूर असेपर्यंत जेवणखर्चासाठी तासाला साधारण दोन डॉलर ‘पर डिएम’ मिळतो. तो सगळे तास मोजतो, झोपेचेसुद्धा.

महिन्याला सुमारे ७५ तासांची हमी असते. उड्डाणे कमी झाली तरी तेवढा पैसा मिळतो. नवख्याचा आधार हीच हमी, कारण सुरुवातीचे महिने तो बहुधा ‘रिझर्व्ह’वर असतो: फोन जवळ, बॅग भरलेली, बोलावणे आले की ठरल्या वेळात विमानतळावर.

बाकी सगळे ठरते सेवाज्येष्ठतेवर. रुजू झाल्याच्या तारखेवरून क्रमांक मिळतो. तळ, सुट्ट्या, मार्ग आणि कॅप्टनपदाची पाळी सारे त्या क्रमांकाने लागते. तासाचा दर सेवेच्या वर्षागणिक चढतो.

या पद्धतीची मानवी किंमत देशाला दिसली ती एका अपघातानंतर. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले आणि ५० जण दगावले. चौकशीत मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या हाताळणीला दिला गेला. पण त्याच सुनावणीत आणखीही काही पुढे आले. दोघांपैकी एकही वैमानिक आपल्या नेवार्कच्या तळाजवळ राहत नव्हता. फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून देश ओलांडून आली होती. तिच्या वार्षिक कमाईचे आकडे १६ ते २४ हजार डॉलरच्या दरम्यान सांगितले गेले. तासाला २२ डॉलर धरले तर ७५ तासांच्या हमीवर वर्षाचे १९,८०० होतात. एवढ्यात तळाच्या शहरात घर भाड्याने घेणे अवघडच. थकव्याची चर्चा पगाराशिवाय अपुरी राहते, हे तेव्हा स्पष्ट झाले.

मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये कायदा झाला. २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारणतः १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. लष्करी वैमानिक आणि विमानविद्येचे पदवीधर यांना त्यात सवलत आहे. भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, यावरून ही अट केवढी आहे ते कळते. हे तास जमवायला अनेक जण कर्ज काढतात आणि प्रशिक्षक म्हणून राबतात. त्या कायद्याने पगाराला हात लावला नाही.

दर खऱ्या अर्थाने वाढले ते माणसे मिळेनाशी झाल्यावर. आधी रुजू होताना बोनस देण्याची चढाओढ लागली. कोरोनाकाळात मोठ्या कंपन्यांतून अनेक वैमानिक मुदतीआधी निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागा प्रादेशिक कंपन्यांतून भरल्या जाऊ लागल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीडमाँट व एन्व्हॉय यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलर केला. इतरांनाही मागोमाग दर वाढवावे लागले. ७५ तासांच्या हमीवर हे वर्षाला ८१,००० डॉलर होतात. मात्र कंपनी बदलली की सेवाज्येष्ठता शून्यावर येते: दहा वर्षे कॅप्टन राहिलेला माणूसही नव्या कंपनीत यादीच्या तळाशी, रिझर्व्हवर, पहिल्या वर्षाच्या दराने सुरुवात करतो.