बाटली की केग?

घरी बिअर बनवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न बिअर बनवण्याचा नसतोच. आंबवून झालं, चव जमली, आता हा 19 लिटर ऐवज भरायचा कशात? बाटल्यांत की केगमध्ये? अमेरिकेत यावर लोक लिनक्स-विंडोजच्या तावातावाने भांडतात. मला मात्र त्या भांडणापेक्षा त्यामागचा इतिहास जास्त रंजक वाटतो. कारण गंमत अशी की या दोन्हींपैकी एकही भांडं घरच्या बिअरसाठी बनलेलं नाही. दोन्ही दुसऱ्याच्या धंद्यातून आलेली, आणि येताना त्या धंद्याचे गुण-दोष घेऊन आलेली.

(आधीच सांगतो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा वाचा, पण लगेच स्वयंपाकघरात घुसू नका!)

सुरुवात बाटलीपासून. इंग्लंडात सोळाव्या शतकात अलेक्झांडर नॉवेल नावाचे एक धर्मगुरू होते. ते म्हणे मासे पकडायला गेले आणि एलची बाटली नदीकाठी विसरून आले. काही दिवसांनी सापडली, उघडली, तर बंदुकीसारखा बार! ही गोष्ट 1662 साली छापली गेली, तीही नॉवेल वारल्यावर साठ वर्षांनी. त्यामुळे खरीखोटी देव जाणे. पण त्यातलं विज्ञान पक्कं आहे. यीस्ट जिवंत आहे, साखर शिल्लक आहे आणि वायूला बाहेर पडायला जागा नाही, म्हणजे प्रेशर वाढणारच.

हे प्रेशर कोंडून ठेवायचं कसं? बूच तारेने बांधून पाहिलं. 1870 च्या दशकात हायरम कॉडने गोटीची बाटली काढली, तीच आपली गोटी सोड्याची. पण बाजी मारली बॉल्टिमोरच्या विल्यम पेंटरने. 1892 साली त्याने पत्र्याच्या दातेरी झाकणाचं पेटंट घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस स्टँडर्ड झाला. बाटली कुणाचीही असो, झाकण बसणार.

याचा फायदा घरच्या बिअरवाल्यांना झाला तो 1920 नंतर, अमेरिकेत दारूबंदी आल्यावर. माल्टच्या अर्काचे डबे दुकानात राजरोस मिळत. रिकाम्या बाटल्या घरात होत्याच. हाताने झाकण बसवायचं छोटं यंत्र आणलं की झालं! साखर मात्र अंदाजपंचे, त्यामुळे तळघरात बाटल्या फुटायच्या. 1933 साली दारूबंदी उठली. घरच्या वाइनला परवानगी मिळाली, बिअरला नाही. ती मिळायला जिमी कार्टर यांची 1978 सालची सही लागली. 1 फेब्रुवारी 1979 पासून एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200, असा हिशोब. तरी राज्यांचे कायदे वेगळेच. मिसिसिपी आणि अलाबामा यायला 2013 उजाडलं.

दरम्यान बाटलीच बदलली होती. पूर्वीची बाटली कारखान्यात परत जायची, म्हणून जाड काचेची. नंतर आली वापरून फेकायची, पातळ काचेची आणि फिरकीच्या झाकणाची. हातयंत्राचं झाकण तिच्यावर धड बसत नाही, आणि पुन्हा प्रेशर झेलायचं म्हणजे भरवसा नाही. धंद्याची सोय बदलली, घरच्यांची पंचाईत झाली.

आणि तिथेच दुसऱ्या एका धंद्याने हात दिला. कोला कंपन्या हॉटेलांना सरबताचा अर्क पुरवायच्या तो स्टीलच्या उंच डब्यांतून, म्हणजे कॉर्नेलियस केग. 1980-90 च्या दशकांत त्या खोक्यातल्या प्लास्टिक पिशव्यांकडे वळल्या आणि हे डबे भंगारात आले. 5 गॅलनचे, प्रेशर सोसणारे, हात घालून घासता येतील असे. घरच्या बिअरवाल्याला लॉटरीच!

आता तुलना. 19 लिटर म्हणजे 355 मिलीच्या 53 बाटल्या. प्रत्येक धुवायची, भरायची, झाकायची. केग एकच. वायू सिलिंडरमधून येतो, म्हणून साखरेचा जुगार नाही. वायू सोडून आतली हवा हाकलता येते, आणि ते महत्त्वाचं, कारण ऑक्सिजन लागला की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. पण केगला सिलिंडर हवा, मोठा फ्रीज हवा, आणि जोडात गळती असली तर एका रात्रीत सगळा वायू गुल.

बाटली मित्राला देता येते. आतलं यीस्ट थोडाफार ऑक्सिजन खाऊन टाकतं. कडक, गडद बिअर असेल तर वर्षभर ठेवून दर महिन्याला एक उघडायची, चव कशी बदलते ते बघायचं. फक्त बाटली तपकिरी घ्या आणि अंधारात ठेवा. हिरव्या काचेतून उजेड आत शिरतो आणि हॉप्समधल्या घटकांपासून गंधकाचा उग्र वास तयार होतो.

थोडक्यात, कुठलं भांडं चांगलं हा प्रश्नच चुकीचा. बिअर कोण पिणार आणि कधी, हे आधी ठरवा. हॉप्सच्या वासाची, ताजी संपवायची असेल तर केग. ठेवायची किंवा वाटायची असेल तर बाटली.

आणि हो, जुना केग घेतला की जाणकार पहिलं काम करतात ते त्याच्या रबरी रिंगा बदलायचं. डबा कितीही घासला तरी त्या रबरात जुन्या सरबताचा वास मुरलेला असतो, आणि तो बरोब्बर तुमच्या बिअरमध्ये उतरतो.